नुसती जागा अडवणारं औषध

अफूच्या बोंडातल्या थीबेन या द्रव्यापासून ऑक्सिमॉर्फोन नावाचं जबरदस्त वेदनाशामक बनतं. त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनला एक चिमुकला मिथाइल गट चिकटलेला असतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. तेवढा काढून तिथे तीन कार्बनांचा अलाइल गट बसवला की होतं नालोक्सोन. बाकी सांगाडा जसाच्या तसा. पण पहिला रेणू जास्त झाला तर श्वास बंद पाडतो आणि दुसरा बंद पडत चाललेला श्वास चालू करतो! १९६१ साली जॅक फिशमन आणि मोझेस लेवेन्स्टाइन यांनी अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा हे औषध पुढे रस्त्यावर वाटलं जाईल असं कुणाच्या मनातही नसेल.

मेंदूच्या बुडाशी श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशी असतात. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल यांचे रेणू तिथल्या ग्राहींवर, म्हणजे पेशीच्या निरोप झेलणाऱ्या जागांवर, जाऊन बसले की ठेका मंदावतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. एरवी त्याने जीव कासावीस झाला असता, पण इथे ती घुसमटसुद्धा जाणवत नाही. माणूस चक्क श्वास घ्यायचं विसरतो.

आता नाकातून नालोक्सोन आत जातं. ग्राहींवर बसलेले रेणू कायमचे चिकटलेले नसतात, ते क्षणोक्षणी उठत-बसत असतात. लोकलमध्ये कुणी उठायचा अवकाश, की जागा पटकावणारा एखादा असतोच, तसं नालोक्सोन ती जागा धरतं आणि सहजी सोडत नाही. बसल्यावर करतं काय? काहीच नाही. पेशीला कसलाही निरोप न देता ते नुसती जागा अडवतं, आणि तेवढ्यानेच दोन-तीन मिनिटांत छाती पुन्हा हलू लागते. ज्याच्या अंगात अफूच्या जातीचं काहीच नाही, त्याला चुकून दिलं तरी बिघडत नाही. अशी गरीब स्वभावाची जीवरक्षक औषधं फार थोडी.

भूलतज्ज्ञांना ते १९७१ पासून मिळत होतं. अडचण वेगळीच होती. ज्याला ते हवं असतं तो बेशुद्ध असतो, स्वतः घेऊ शकत नाही. गोळी करून उपयोग नाही, कारण पोटातून गेलेलं बहुतेक औषध यकृतच निकामी करतं. म्हणजे ते शेजारी असलेल्या कुणाच्या तरी खिशात हवं, आणि तो शेजारी बहुधा दुसरा व्यसनीच असतो. हे ओळखलं शिकागोच्या डॅन बिग यांनी. १९९६ च्या सुमारास त्यांच्या ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ने सुया टोचून घेणाऱ्यांच्याच हातात या औषधाच्या कुप्या द्यायला सुरुवात केली. ‘यांचा काय भरवसा?’ असं म्हणणारे होतेच. उत्तर आकड्यांनी दिलं: १९९६ ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या अशा उपक्रमांनी १,५२,२८३ जणांना किट दिले आणि लोकांनी २६,४६३ वेळा माणूस परत आणल्याचं कळवलं.

प्रशिक्षण म्हणाल तर चहा संपायच्या आत उरकेल. ओठ निळे-राखाडी पडलेत, घशातून घरघर येतेय, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय? हाक मारा. मुठीच्या बोटांचे सांधे छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. ओ दिली नाही तर रुग्णवाहिका बोलवा, मान मागे करा, एका नाकपुडीत नालोक्सोनच्या फवाऱ्याची नळी घालून दट्ट्या दाबा. तोंडाने श्वास देत राहा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस द्या. शुद्धीवर आलेला आभार मानेलच असं नाही. नशा एकदम उतरल्याने तो चिडतो, ओकतो. तरी त्याला एकटं सोडायचं नाही. नालोक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो, आणि अंगातलं विष तेवढ्यात संपलेलं नसलं तर मघाचेच रेणू परत जागेवर येऊन बसतात.

२०२३ मध्ये अमेरिकेने हा नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. दोन डोसच्या खोक्याची किंमत ठेवली ४५ डॉलरच्या आसपास. फुटपाथवर राहणाऱ्याला ती कुठली परवडायला? त्यामुळे दुकानात खोकी मांडली गेली तरी फुकट किट घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांचं काम काही संपलेलं नाही.