फॉरमॅट मारण्याआधीची एक संध्याकाळ

"सी फॉरमॅट मारतो. तुमचं सगळं डीमध्ये आहे ना?"

बारा-तेरा वर्षांपूर्वी दुकानातल्या तरुणाने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी लगेच "हो" म्हणाले. फोटो डीमध्ये होते, कामाच्या फायली डीमध्ये होत्या. संध्याकाळी संगणक घरी आला, भराभर सुरू झाला, आणि डेस्कटॉप मोकळा दिसला. तिथे 'आई' नावाचं एक फोल्डर असायचं. जात्यावरच्या ओव्या आईला आठवतील तशा ती सांगायची आणि मी टाइप करून त्यात ठेवायचे. पहिल्या साठेक ओव्या मी आधी एका सीडीवर उतरवल्या होत्या, त्या वाचल्या. नंतरच्या चाळीसएक गेल्या. आई तोवर बरंच विसरू लागली होती. त्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

त्या तरुणाची यात काही चूक नव्हती. डेस्कटॉप डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो कुठल्याच ड्राइव्हमध्ये नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो सी ड्राइव्हमधलं एक साधं फोल्डर असतो: सी, त्यात 'यूझर्स', त्यात आपलं नाव, त्यात 'डेस्कटॉप'. 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स'ही तिथेच, शेजारी. ही एवढी माहिती मला असती, तर त्या ओव्या आज माझ्याजवळ असत्या. हा लेख त्यासाठीच आहे.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे असंख्य घरांत आणि कचेऱ्यांत विंडोज ११ वर अपग्रेड झालं. बहुतेक ठिकाणी ते सुरळीत पार पडतं. काही ठिकाणी मात्र आवाज जातो, प्रिंटर ओळख देत नाही, लॅपटॉप झोपला की उठत नाही, सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाक, नवीन होईल." सल्ला पुष्कळदा बरोबरच असतो. पण तो अमलात आणण्याआधी थोडं समजून घ्यायला हवं.

अपग्रेडमध्ये काय घडतं

पडद्यावर टक्के चढत असतात तेव्हा आत चार टप्पे चालू असतात. पहिल्यात जुनी विंडोज चालू असतानाच तपासणी होते आणि नव्या फायली उतरवल्या जातात. दुसऱ्यात संगणक बंद होऊन एका छोट्या, तात्पुरत्या यंत्रणेवर सुरू होतो. ती जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये हलवते आणि नवी तिच्या जागी मांडते. तिसऱ्यात नवी यंत्रणा प्रथमच उठते आणि ड्रायव्हर बसवते. चौथ्यात आपली सेटिंग, खाती आणि सॉफ्टवेअर नव्या जागी जोडली जातात. मधे काही बिनसलं, तर संगणक सहसा स्वतःच जुन्या विंडोजवर परत येतो.

त्रासाचं मूळ शेवटच्या दोन टप्प्यांत असतं. घर नवं बांधलं, पण सामान सगळं जुनंच आत आणलं, असा हा प्रकार आहे. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा भाग आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. साउंड, ग्राफिक्स, वायफाय, प्रिंटर, प्रत्येकाचा वेगळा. सहा-सात वर्षांपूर्वीचा दुभाषी नव्या यंत्रणेशी नीट बोलेलच असं नाही. विंडोजच्या अगदी आत हात घालून काम करणारे अँटिव्हायरस, कधीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे उरलेले तुकडे, विंडोजच्या नोंदवहीतल्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या, जुन्या नोंदी हे सगळंही सोबत येतं. फॉरमॅट मारून केलेल्या स्वच्छ इन्स्टॉलेशनमध्ये हे सामान आत येतच नाही. त्याचा गुण येतो तो यामुळे.

आधी साधे उपाय

अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील, तर सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'त जाऊन मागे फिरता येतं. जुनी विंडोज त्या 'ओल्ड' फोल्डरमध्ये दहा दिवस राखून ठेवलेली असते आणि मग पुसली जाते. दहा दिवस उलटले असतील, तर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे नवे ड्रायव्हर घ्यावेत. अर्धे त्रास एवढ्यावर मिटतात. डिस्कची प्रकृतीही तपासून घ्यावी. डिस्कच मरायला टेकली असेल, तर तिच्यावर कितीही वेळा विंडोज टाकली तरी आठवड्याभरात तेच दुखणं परत येतं, आणि त्या खटाटोपात उरलासुरला डेटाही जातो.

मधला एक मार्ग 'रीसेट'चा. त्यात 'माझ्या फायली ठेवा' हा पर्याय घेतला, तर फायली राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात आणि विंडोज नव्याने बसते. घरगुती वापराला हे बरेचदा पुरतं. त्यानेही भागलं नाही तर पेनड्राइव्हवरून स्वच्छ इन्स्टॉलेशन.

आपलं काय, यंत्राचं काय

विंडोज पुन्हा मिळते. ब्राउझर पुन्हा मिळतो, ड्रायव्हर पुन्हा मिळतात. आपण निर्माण केलेलं मात्र जगात दुसरीकडे कुठेच नसतं. म्हणून फॉरमॅटचं खरं काम फॉरमॅटच्या आदल्या संध्याकाळी, वही-पेन घेऊन करायचं असतं.

यादीची सुरुवात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्सपासून करावी. त्यानंतर माळा काढावा. विंडोजमध्ये 'अ‍ॅपडेटा' नावाचं एक दडवलेलं फोल्डर असतं. ब्राउझरचे बुकमार्क, स्टिकी नोट्स, अनेक सॉफ्टवेअरची सेटिंग तिथे पडलेली असतात. ब्राउझरचे पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का, हे पाहून ठेवावं. आउटलुक वापरत असाल, तर त्याच्या पीएसटी फायली शोधाव्यात. जुनी पत्रं कधी कधी फक्त तिथेच असतात.

हिशेबाचं काम करणाऱ्यांनी टॅलीचा डेटा कुठे आहे, ते सॉफ्टवेअरमध्येच उघडून पाहावं. टॅलीप्राइम तो आपणहून सी ड्राइव्हच्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवतं, डेस्कटॉपवर त्याचा मागमूसही दिसत नाही. बॅकअप घ्यावा आणि लायसन्स सरेंडर करून ठेवावं. डिजिटल सहीच्या टोकनची काळजी नको. सही त्या टोकनमध्येच असते. नंतर फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती यादीत क्वचितच कुणी लिहितं. फॉन्ट. युनिकोड ही अक्षरांची एकसमान पद्धत रुळण्याआधी आपल्याकडे श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांवर काम चालायचं. डीटीपीची कितीतरी दुकानं, छापखाने आणि कचेऱ्या आजही त्यांच्यावर चालतात. या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, आणि कुठलं अक्षर कुठे बसवायचं हे प्रत्येक फॉन्टचं निराळं. त्यामुळे फाइल जपली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची निरर्थक रांग दिसते. विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' हे फोल्डर फॉरमॅटबरोबर जातं, म्हणून ते पूर्णच्या पूर्ण कॉपी करून घ्यावं. फक्त आपल्या खात्यापुरते टाकलेले फॉन्ट 'अ‍ॅपडेटा'त असतात, तेही पाहावेत.

आता डी ड्राइव्हविषयी. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच खोलीत मधे पडदा लावावा तसे. खोलीला आग लागली तर पडद्याने काही वाचत नाही. डीमध्ये ठेवलेली फाइल सी फॉरमॅट करताना वाचेल. डिस्क बिघडली किंवा बटण चुकीचं दाबलं गेलं तर नाही. म्हणून बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, अमोल गोष्टींची आणखी एक प्रत क्लाउडवर ठेवावी, आणि बॅकअपमधल्या चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं मानू नये.

फाइल आपल्याला वाटते तिथेच आहे का, हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते २०१८ मध्ये दिसलं. विंडोज १० चं त्या वर्षीचं ऑक्टोबरचं मोठं अपडेट २ ऑक्टोबरला आलं आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं, कारण काहींच्या फायली नाहीशा झाल्या. या लोकांनी आपली 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, पण काही फायली मूळ जागीच राहिल्या होत्या. अपडेटने ती मूळ फोल्डरं निरुपयोगी समजून काढून टाकली, आतल्या फायलींसकट. दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं. साधं अपडेटही फायलींना धक्का लावू शकतं, हे त्यातून अनेकांना प्रथमच कळलं.

यादीच्या शेवटी दोन गोष्टी. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडून आपली विंडोज होम आहे की प्रो, ते लिहावं. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी. ती सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. डी ड्राइव्ह कुलूपबंद असला, तर नव्या विंडोजमध्ये तो याच चावीने उघडतो.

पेनड्राइव्ह आणि तो एक पडदा

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, हे लक्षात ठेवावं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं 'मीडिया क्रिएशन टूल' चालवलं की तो तयार होतो. कुणीतरी दिलेली, 'आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली' विंडोज कधीही टाकू नये. तिच्या आत आणखी काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करणार असतो. अधिकृत विंडोज आधी अ‍ॅक्टिव्हेट असेल, तर तिचा डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे की नाही' म्हणावं आणि तीच आवृत्ती निवडावी. इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांवर ती एफ १२, एचपीवर एफ ९. पेनड्राइव्ह निवडला की काही प्रश्नांनंतर तो पडदा येतो, जिथे हात थबकतात. डिस्कचे सगळे भाग तिथे एकाखाली एक मांडलेले असतात, आणि सी, डी ही ओळखीची नावं नसतात. ओळखायचं ते आकारावरून. म्हणून प्रत्येक भाग किती जीबीचा आहे, ते आधीच वहीत लिहिलेलं असावं. शंभर एमबीच्या आसपासचा छोटा भाग यंत्र सुरू करण्यासाठी लागतो. जुन्या विंडोजचे भाग काढून मोकळ्या जागेवर नवी टाकायची आणि डीला हात लावायचा नाही. बाहेरच्या सगळ्या डिस्क त्या वेळी काढून ठेवाव्यात. जी जोडलेलीच नाही, ती चुकून पुसलीही जात नाही.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर ही यादी रिकामीच दिसते. डिस्क गेली असं समजून लोक हबकतात. डिस्क जागेवर असते, ती दाखवणारा स्टोअरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे नसतो एवढंच. कंपनीच्या संकेतस्थळावरून तो आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर'वर जाऊन द्यावा.

नवी विंडोज उठल्यावर वायफाय चालत नसेल, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं. आधी विंडोजची अपडेट, मग ड्रायव्हर, मग अ‍ॅक्टिव्हेशनची खात्री. सॉफ्टवेअर लागेल तसं एकेक टाकावं. सगळं एका दिवसात टाकलं आणि पुन्हा काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात, सेटिंगमधून मराठी भाषा तेवढी जोडावी लागते. पेनड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवावा.

गेल्या वर्षी माझ्या लॅपटॉपवर मी स्वतः विंडोज टाकली. इन्स्टॉलेशनला पाऊण तास लागला. यादीला अख्खी संध्याकाळ लागली होती. सगळं झाल्यावर मी सीडीवरून वाचलेली ती जुनी फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम. यादीत सतराव्या ओळीवर 'फॉन्ट' लिहिलेलं होतं. बाहेरच्या डिस्कवरून ते फोल्डर काढलं, एक फॉन्ट उचलून टाकला आणि फाइल पुन्हा उघडली. पहिल्या ओवीतला आईचा 'माझ्या बाई' पडद्यावर दिसला. त्या रात्री मी साठही ओव्या युनिकोडमध्ये उतरवायला घेतल्या.