पेडल खाली बसतंय? माल भरण्याआधी ब्रेकचा मास्टर बघा



आज पिकाचं नाही, गाडीचं सांगतोय. मागच्या आठवड्यात एका सभासदांच्या जुन्या फोर बाय फोर जीपमधून प्लॉट बघायला गेलो होतो. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण पाय तसाच ठेवला तरी पेडल हळूहळू खाली जात राहिलं. "दोन-तीनदा मारला की लागतो बघा," काका म्हणाले. हीच गाडी भाजी भरून कसारा घाट उतरते! ब्रेक मारून-मारून लावावा लागतो, ही गाडीची सवय नाही, बिघाड आहे.

*आधी ओळखा*
सपाट जागी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा.
▪️ पेडल हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर बहुतेक मास्टर सिलेंडरच्या आतले रबर गेलेत. तेल आतल्या आत मागे परततं. डबीतली पातळी बरोबर दिसते, म्हणून आपण फसतो.
▪️ पेडल स्पंजासारखं लागतं, तर लाईनमध्ये हवा आहे.
▪️ पातळी कमी होतेय, तर चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांवर आणि मास्टरच्या मागे ओल शोधा.
फार जुन्या जीपला ब्रेकचं एकच सर्किट असतं. मास्टर गेला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

*मास्टर बदलताना*
१) आतून गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नुसतं किट टाकून पैसे वाया घालवू नका, पूर्ण मास्टर घ्या.
२) डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच तेल सीलबंद बाटलीतून घ्या. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल चुकूनही लावू नका, रबर फुगतात.
३) नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये पकडा. दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या डबीतल्या तेलात सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबा. ही पायरी चुकली तर नंतर हवा निघता निघत नाही.
४) पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर तेल मागे परतत नाही, ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतात.

*हवा काढताना*
दोन माणसं लागतात. सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करून परत आवळायचं, *मगच* पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. निघालेलं तेल परत वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

*शेवटी तपासा*
पेडल वरच आणि कडक लागलं पाहिजे, अर्धा मिनिट दाबून धरलं तरी बसायला नको. आधी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा, मगच माल भरा. ब्रेकच्या कामाचा हात नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या, पण वरचे मुद्दे त्याला विचारा.

आणि घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल किंवा बंद करून उतरवू नका. इंजिनचा आधार जातो. बूस्टर असेल तर पेडल दगडासारखं होतं. खालच्या गिअरमध्येच उतरा.

भाजीचा भाव आज पडला तर उद्या चढेल. घाटात ब्रेक गेला तर उद्या नाही. आज संध्याकाळी गाडी लावताना एकदा पेडल दाबून बघाच.