लाटेवर उभे राहण्याआधी समुद्र वाचायला शिका

सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की विरारहून अर्नाळ्याकडे आणि नालासोपाऱ्याहून कळंब-राजोडीकडे जाणारे रस्ते रिक्षा-दुचाकींनी भरून जातात. वसईकर रानगाव, भुईगाव किंवा सुरूची बाग गाठतात. मोबाइलवर सर्फिंगचे व्हिडिओ पाहिलेली मुले आता नुसते पाय भिजवून परत यायला तयार नसतात. त्यांना फळी हवी असते, लाट हवी असते. मग पालकांपुढे प्रश्न येतो, मुलांना हे करू द्यावे का?

उत्तर ‘हो’ असे आहे, पण क्रम चुकवून चालणार नाही. सर्फिंगच्या कोणत्याही चांगल्या वर्गात पहिल्या दिवशी मूल आधी वाळूवर उभे राहते आणि समुद्राकडे पाहते. लाट कुठे फुटते आहे, पाणी कुठून परत जाते आहे, भरती आहे की ओहोटी, हे त्याला विचारले जाते. शिक्षणाचा हा पहिला भाग वसई-विरारच्या प्रत्येक मुलाला मिळायला हवा, मग ते पुढे फळीवर चढो वा न चढो.

शरीराला आणि मनाला काय मिळते?

सर्फिंगमधला बराचसा वेळ लाटेवर उभे राहण्यात जात नाही, तर फळीवर पालथे झोपून हातांनी पाणी मारण्यात जातो. त्यामुळे खांदे, पाठ आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, दम वाढतो. हलत्या फळीवर उभे राहताना डोळे, कानातील तोलाचे इंद्रिय आणि पायांचे स्नायू यांचा मेळ बसवावा लागतो. तासन् तास मान खाली घालून पडद्याकडे पाहणाऱ्या मुलांसाठी हा उत्तम व्यायाम आहे.

मनाचा फायदाही मोठा आहे. ब्रिटनमधील ‘द वेव्ह प्रोजेक्ट’ आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘वेव्हज फॉर चेंज’ या संस्था चिंता, एकटेपणा किंवा हिंसाचाराला सामोरे गेलेल्या मुलांसाठी सर्फिंगचा उपयोग करतात. पडणे, पुन्हा उठणे आणि लाटेची वाट पाहणे यातून मूल धीर शिकते. आपल्याकडे केरळमधील कोवलम सर्फ क्लबने मासेमारी आणि किरकोळ विक्री करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना फळी दिली, पण ‘शाळा नाही तर सर्फिंग नाही’ या अटीवर. तिथेच लाटांवर उभा राहायला शिकलेल्या रमेश बुदिहाळ याने २०२५ मध्ये ममल्लपुरम येथे झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

आधी पोहणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. ५ ते १४ वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणूनच सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याची आणि पाण्यातील सुरक्षेची प्राथमिक कौशल्ये शिकवावीत, अशी शिफारस ही संघटना करते.

वसईच्या वाड्यांमध्ये एके काळी हे शिक्षण घराजवळच होत असे. शेती-बागायतीसाठी खोदलेल्या बावखलांत मुले मोठ्यांच्या नजरेखाली पोहायला शिकत. आज कित्येक बावखले बुजली. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर इमारती वाढतच गेल्या. समुद्र मात्र अजूनही रिक्षाच्या अंतरावर आहे. पाण्याजवळ राहणारी, पण पाण्याची ओळख नसलेली अशी एक पिढी इथे वाढते आहे.

फळी हातात देण्याआधी मुलाला तरण तलावात निदान एवढे यायला हवे : खोल पाण्यात पडल्यावर घाबरून न जाता वर येणे, दोन मिनिटे उताणे तरंगणे आणि न थांबता ५० मीटर पोहणे. हवा भरलेली ट्यूब किंवा रिंग म्हणजे पोहणे नव्हे. वारा आणि ओहोटी तिला मुलासकट आत घेऊन जाऊ शकतात.

तिथीवरून भरतीची वेळ

पाचूबंदर, नायगाव किंवा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात भरतीची वेळ सांगायला मोबाइल लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणने गुणा, येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला साधारण ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला १२ च्या सुमारास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. दिवसातली दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. पण घरातून निघण्याआधी कॅलेंडरवरची तिथी पाहण्याची सवय प्रत्येक कुटुंबाला लावून घेता येईल.

याचा मुलांच्या सुरक्षेशी थेट संबंध आहे. भरती-ओहोटीचे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला आपल्याकडे हा फरक ३.६ मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत पाणी दर तासाला ९० सेंटिमीटर चढते किंवा उतरते. भरती असेल, तर तासापूर्वी जिथे लहान मूल गुडघाभर पाण्यात खेळत होते, तिथे आता त्याच्या छातीच्या वर पाणी असू शकते. ओहोटी असेल, तर तेवढे सारे पाणी समुद्राकडे धावत असते. वैतरणा खाडीच्या तोंडाशी असलेल्या अर्नाळ्याला आणि वसई खाडीच्या मुखाशी ही ओढ अधिक जाणवते.

आता धुळवडीचा दिवस घ्या. होळी पौर्णिमेला, म्हणजे धुळवड प्रतिपदेच्या आसपास, ऐन उधाणात. पूर्ण भरती दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास. रंग खेळून मुले-तरुण दुपारी अंग धुवायला समुद्रावर येतात, तेव्हा ओहोटी सुरू झालेली असते. तीन ते पाचच्या दरम्यान तिचा जोर सर्वाधिक असतो. समुद्र त्या दिवशी वेगळा वागत नाही, आपण नेमक्या वाईट वेळी त्याच्यात उतरतो. तृतीयेच्या रविवारी हीच वेळ संध्याकाळी सव्वाचार ते सव्वासहा अशी येते, म्हणजे किनाऱ्यावर सर्वाधिक गर्दी असते तेव्हा.

सपाट, लांबलचक किनाऱ्याचा आणखी एक धोका आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या उंचवट्यावर मुले चालत जातात. भरती लागली की पाणी आधी त्यांच्या मागच्या सखल भागात शिरते आणि परतीची वाट बंद होते. वाळूचा उपसा झालेल्या ठिकाणी तळाशी खड्डे असतात, ते वरून दिसत नाहीत.

‘शांत’ पाणी ओळखा

लाटा किनाऱ्यावर पाणी आणतात. ते पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या फटीतून एका अरुंद पट्ट्यात परत जाते. हा रिप करंट. गंमत अशी, की या पट्ट्यात पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात आणि तोच भाग शांत दिसतो. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद किंवा गढूळ पट्टा दिसला, फेस-कचरा आत जाताना दिसला, की तिथे उतरू नये. या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. ऑलिंपिकमधील जलतरणपटूही त्याविरुद्ध फार वेळ टिकणार नाही.

मुलाला तीन गोष्टी पाठ करून घ्या. ओढले गेलास तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नकोस. उताणा तरंग आणि एक हात वर कर. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत जा आणि ओढ संपली की तिरके बाहेर ये. रिप करंट पाण्याखाली खेचत नाही, तो आत नेतो. माणूस बुडतो तो बहुतेकदा त्याच्याशी झुंजून थकल्यामुळे.

फळी हातात घेताना

सुरुवातीची फळी मऊ फोमचीच हवी. सर्फिंगमधल्या पुष्कळशा जखमा स्वतःच्याच फळीचा मार बसून होतात. फळी घोट्याला दोरीने बांधलेली असावी, कमरेएवढ्याच पाण्यात सराव व्हावा आणि प्रशिक्षकाचे हात पोहोचतील एवढीच मुले त्याच्याकडे असावीत. पडताना डोके खाली करून सूर मारू नये. अंग पसरून सपाट पडावे आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. उथळ पाण्यात डोक्यावर पडल्यास मानेच्या मणक्याला इजा होऊ शकते.

अपस्मार असलेल्या, कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्या किंवा दम्याचा त्रास आटोक्यात नसलेल्या मुलांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस खाडीमुखाजवळच्या पाण्यात उतरू नये, कारण नाल्यांचे सांडपाणी तिथेच येते. पावसाळ्यात तर फळी घरातच ठेवावी. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणारा कोळी समाज त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. याच काळात किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे दंश करणारे जीवही वाहून येतात, त्यांना हात लावू नये. दंश झालाच तर वाळूने चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवा. श्वास घेताना त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा.

बुडणारे मूल ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो. प्रत्यक्षात मुलाचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घेण्यातच सारी शक्ती जाते, ओरडायला हवा उरत नाही. हात बाजूला पसरून तो पाणी खाली दाबत राहतो. हे काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात संपते. म्हणून लहान मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाचे काम फक्त बघण्याचे असावे. मूल हाताच्या अंतरावर असावे आणि मोबाइल पिशवीत.

कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दुसरे, तिसरे बुडतात. आधी ओरडून जीवरक्षक किंवा मच्छीमारांना बोलवा, ११२ ला फोन लावा. दोरी, ओढणी, रिकामा कॅन, फळी, जे तरंगेल ते फेका.

मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढण्याच्या मागे लागू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब आणि २ श्वास हे चक्र १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. बुडताना मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, म्हणून इथे श्वास महत्त्वाचा. मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

हे सारे एका दिवसात येत नाही, पण सुरुवात सोपी आहे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर पोहोचल्यावर मुलांना लगेच पाण्यात सोडू नका. दहा मिनिटे वाळूवर बसवा आणि विचारा : आज तिथी कोणती? पाणी चढते आहे की उतरते आहे? लाटा कुठे फुटत नाहीत? उत्तरे बरोबर आली, तर गुडघाभर पाण्यात खुशाल खेळू द्या. पोहणे पक्के झाले, की गोव्यातील एखाद्या सर्फ शाळेत फळीवरही उभे करा.