काचेआडची हवा

नोकरीतून निवृत्त होताना माणसाला शाल मिळते, श्रीफळ मिळतं आणि बहुतेक वेळा एक तसबीरही मिळते. शाल कपाटात जाते, श्रीफळाची चटणी होते आणि तसबीर भिंतीवर लावायला खिळा ठोकताना लक्षात येतं, की आता हातात सवडच सवड आहे! तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली वीज देऊ लागलं, शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांतच इथल्या कितीतरी घरांचं आयुष्य गेलं. पाळ्या संपल्यावर दिवस अंगावर येतो. अशांना एक छंद सुचवावासा वाटतो, तो म्हणजे घरच्या फोटोंना आपल्या हातांनी फ्रेम करण्याचा.

अणुवीज केंद्राजवळच्या घिवलीसारख्या समुद्रकाठच्या गावात हा नुसता वेळ घालवण्याचा उद्योग नाही. खाऱ्या वाऱ्याने खिळे गंजतात, पावसाळ्यात पाठीमागचा हार्डबोर्ड फुगतो, कागदावर तपकिरी ठिपके उठतात, उरलंसुरलं कसर खाते. सर्वांत वाईट म्हणजे फोटो काचेला चिकटतो. जुन्या फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो. ओल लागली की तो मऊ होतो आणि काच धरून ठेवतो. मग कोणी ओढून काढायला गेलं, की आजीचा चेहरा काचेवर आणि कोरा कागद हातात!

म्हणून या कामातला पहिला धडा असा, की काच आणि फोटो यांच्यामध्ये थोडी हवा राहिली पाहिजे. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट बसवतात तो केवळ शोभेसाठी नसतो. तो फोटोला काचेपासून दूर ठेवतो. पुठ्ठा आम्लविरहित घ्यावा, नाहीतर तोच कागद पिवळा करतो. फोटोला सेलोटेप कधीही लावू नये. वरच्या कडेला कागदाच्या दोन बारीक पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावल्या, की पुरे. कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. फोटो आधीच चिकटला असेल, तर ओढू नका. काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या आणि फ्रेम त्या प्रतीची करा.

लाकडाचं काम मात्र माणसाला नम्र करतं. चार पट्ट्या, आठ काप, प्रत्येक काप ४५ अंशांचा. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला, तर तीन कोपरे गुपचूप जुळतात आणि चौथ्यात ४ अंशांची फट हसत उभी राहते. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून सारख्या आहेत ना, ते पाहावं. सरस लावल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. मग सुतळीने आवळून रात्रभर हात लावायचा नाही. काच दुकानातूनच कापून आणावी. पहिल्या चार-पाच फ्रेम कॅलेंडरच्या चित्रांच्या कराव्यात, आजीच्या फोटोवर हात बसवू नये.

आपल्या भिंतींवर तसबिरी आल्या त्या आधी देवांच्या. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांतही पोचल्या. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाचं चित्र तांदळाच्या पिठाने थेट भिंतीवर काढतात. भिंत नव्याने सारवली, की ते जातं आणि त्याचं कोणाला दुःख नसतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर, कापडावर आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र भिंतीवरून कागदावर आलं, की ते जपायची जबाबदारी मात्र कोणावर तरी येते.

घरच्या फोटोंचं तसंच आहे. फ्रेम पूर्ण झाली, की खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधूनही वारा खेळतो. पावसाचा मारा झेलणारी भिंत आणि थेट ऊन टाळावं.

आणि एक गोष्ट त्याआधीच करावी. पाठीचा पुठ्ठा बसवण्यापूर्वी त्यावर पेन्सिलीने लिहावं: डावीकडून कोण, उजवीकडे कोण, कुठल्या लग्नातला फोटो, साल कोणतं. घरात हे चेहरे ओळखणारी शेवटची माणसं बहुधा आजची निवृत्त पिढीच आहे. नातवंडांना फोटो सापडेल, नाव सापडणार नाही. लाकूड आणि काच उद्याही विकत मिळेल. नावं सांगणारं माणूस मिळणार नाही.