कर्करोगाचे बीज आणि वयाची जमीन

रायगड जिल्ह्यातील काशीदचा किनारा सुरूच्या बनासाठी ओळखला जातो. दाट बनात गळलेल्या पानांचा जाड थर साचतो, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही आणि अन्य रोपांना सहसा वर येता येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनारपट्टीवर धडकले, तेव्हा येथील अनेक सुरू उन्मळून पडले. झाड पडले की तेथे ऊन येते आणि मातीत आधीपासून पडून असलेल्या बियांना संधी मिळते. उतारवयात कर्करोगाचा धोका का वाढतो, हे समजून घेण्यास हा दाखला उपयोगी पडतो.

पेशींचे विभाजन होताना जनुकांत चुका होतात. अशा अनेक चुका एकाच पेशीत साचल्या की कर्करोग उद्भवतो, आणि त्या साचण्यास वर्षे लागतात, अशी मांडणी ब्रिटनमधील पीटर आर्मिटेज व रिचर्ड डॉल यांनी १९५४ मध्ये केली. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. २०१८ मध्ये कर्करोग नसलेल्या नऊ व्यक्तींच्या अन्ननलिकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम व उतारवयातील व्यक्तींमध्ये अस्तराचा बराचसा भाग कर्करोगाशी निगडित जनुकीय बदल असलेल्या पेशींनीच व्यापलेला होता. म्हणजे बीज सर्वत्र पडलेले होते. ते रुजलेले मात्र नव्हते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे जेम्स डीग्रेगरी यांनी यामागची बाजू उलगडली आहे. त्यांच्या मते तरुण ऊतींमध्ये निरोगी पेशी आपल्या परिसराशी उत्तम जुळलेल्या असतात. त्यामुळे बदललेल्या पेशीला स्पर्धेत फारसा लाभ होत नाही. वय वाढते तसा परिसर बदलतो, निरोगी पेशी मागे पडतात आणि एरवी दबून राहणारी पेशी वरचढ ठरू शकते.

हा परिसर बदलतो म्हणजे नेमके काय होते? पेशींना आधार देणाऱ्या कोलॅजनची रचना बिघडते. काही पेशी विभाजन थांबवतात, पण मरत नाहीत. त्यांच्यातून स्रवणारी रसायने आसपास सौम्य, परंतु सततचा दाह निर्माण करतात. रोगप्रतिकारक पेशींची नजरही मंदावते. अस्थिमज्जेतही असेच घडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील सुमारे १० टक्के व्यक्तींच्या रक्तात एकाच बदललेल्या पेशीपासून वाढलेला समूह आढळला. यातील बहुतेकांना रक्ताचा कर्करोग होत नाही. धोका मात्र वाढतो.

वय कोणालाही थांबवता येत नाही. पण तंबाखू, मिश्री, अतिरिक्त मद्यपान आणि लठ्ठपणा हे केवळ जनुकांना इजा करतात असे नाही; त्यांपैकी बहुतेक ऊतींमधील दाहही वाढवतात. ते टाळणे म्हणजे जमीन राखणे होय.

दुसरा मार्ग वेळेवर तपासणीचा. मुंबईतील टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये शहरातील ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये तसा लाभ दिसला नाही. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही.

घरातील ज्येष्ठ स्त्रीने गाठीची किंवा न भरणाऱ्या जखमेची तक्रार केली, तर ‘आता वय झाले, असे चालायचेच’ हे उत्तर अनेक घरांत मिळते. शास्त्र नेमके उलट सांगते. वय झाले आहे, म्हणूनच ती तक्रार त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे.