आजीची खाट

बालमित्रांनो, शाळेत दोन मिनिटं अगदी गप्प उभं राहणं किती कठीण असतं, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पहिलं अर्धं मिनिट बरं जातं. मग नाकाला खाज सुटते. मागे कोणीतरी खोकतं. पुढच्याच्या कॉलरवर मुंगी चढताना दिसते. आणि मग जे हसू फुटतं, ते काही केल्या आवरत नाही!

गेल्या ३० सप्टेंबरला आमच्या शाळेत असंच झालं. मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं गाव १९९३ सालच्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं आहे. म्हणून दरवर्षी त्या दिवशी परिपाठ झाला की आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहतो. त्या शांततेत चौथीतला एक मुलगा फुस्सकन हसला.

मला राग आला. नंतर त्याला जवळ बोलावून मी म्हटलं, "अरे, तुझ्याच घरातलं माणूस गेलंय ना त्या भूकंपात? आणि तू हसतोस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "हो मॅडम. माझे मोठे काका गेले. पण मी त्यांना बघितलंच नाही. मला रडू येत नाही. मग दोन मिनिटं मनात काय म्हणायचं असतं?"

खरं सांगू का? मला उत्तर देता आलं नाही. भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि आमचं घर इथून बरंच लांब होतं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. दरवर्षी मीही डोळे मिटून उभी राहते खरी, पण मनात कधी हजेरीपट असतो, तर कधी खिचडीचा तांदूळ! त्या मुलाने फक्त ते बोलून दाखवलं.

त्या पहाटे काय झालं?

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगाव गणपतीचं विसर्जन झालं. नाचून, गुलाल उधळून दमलेली माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातलं सास्तूर या परिसराला सर्वांत जबर फटका बसला. काही सेकंदांत गावंच्या गावं ढिगारा झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत जवळपास आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिलेला आढळतो. साऱ्या देशातून मदत आली. लष्कराचे जवान आले, डॉक्टर आले, कॉलेजची मुलं आली. त्यात पावसानेही मदतीचं काम अवघड करून टाकलं.

या भागात त्याआधी वर्षभर, म्हणजे १९९२ मध्ये, लहान लहान धक्के बसले होते. पण दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असंच बहुतेकांना वाटे. तसं पाहिलं तर ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला होता. तरीही त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला.

मग घट्ट खडकात भूकंप होतो तरी कसा? तुमची लाकडी पट्टी दोन्ही टोकांना धरून दाबून बघा. ती मध्येच वाकते. आणि तिला आधीच कुठे चीर असेल, तर नेमकी तिथेच कट्कन मोडते. आपल्या देशाची सगळी भूमी वर्षाला काही सेंटिमीटर, अशी हळूहळू उत्तरेकडे सरकते आहे आणि आशियाच्या भूमीवर दाबली जाते आहे. त्या रेट्यातूनच हिमालय उभा राहिला. तोच दाब आतल्या जुन्या भेगांवरही साठत राहतो. किल्लारीच्या पोटातली अशीच एक भेग त्या पहाटे सरकली, आणि तीही फार खोल नव्हती. म्हणून वरचा हादरा जबरदस्त बसला.

आजी शाळेत आली

ही सगळी माहिती मी वर्गात सांगितली. मुलांनी वहीत उतरवून घेतली. पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काही त्यात नव्हतं. शेवटी मी त्याच्याच घरी गेले आणि त्याच्या आजीला म्हटलं, "आजी, मुलांशी जरा बोलायला याल का?"

आजी लगेच हो म्हणाल्या नाहीत. "काय सांगू माय? सांगून माणूस परत येतंय का?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, आपण उगाच जखमेवरची खपली काढली. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नये, हेही तितकंच खरं ना! मी गुपचूप परत आले.

चार दिवसांनी आजी आपणहून शाळेत आल्या. खडू मागितला आणि खाली फरशीवर बसून त्यांनी आपलं जुनं घर काढलं. ही ओसरी. हे माजघर. हे धान्याचं बळद. ही न्हाणी. इथं देव. मुलं गोल करून बघत होती. मग ओसरीत एक चौकोन काढून आजी म्हणाल्या, "ही माझी खाट. धाकट्याला घेऊन मी इथं निजले होते. उकडत होतं म्हणून. थोरला गणपती बुडवून उशिरा आला. मी म्हटलं, जा बाबा, आत जाऊन नीज."

त्यांनी माजघरात दुसरा चौकोन काढला आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या.

धाकटा म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे वडील. त्या वेळी ते चार वर्षांचे होते.

"आज्जी, मोठे काका केवढे होते तेव्हा?" त्या मुलाने विचारलं.

"बारा वर्षांचा. सहावीला होता. तुझ्यासारखाच खिदळायचा सारखा."

मुलगा गप्प झाला. घरात सगळे 'मोठे काका' म्हणत, म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे मिशीवाला मोठा माणूस होता. काका त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठा मुलगा होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

जाताना आजी मला म्हणाल्या, "मॅडम, लेकरांला रडाया नगा शिकवू. खाट कुठं टाकायची ते शिकवा."

घर कशामुळे पडलं?

आजींचं घर माळवदाचं होतं. जाड दगडी भिंती, त्यात मातीचा गारा. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये बारीक दगड-माती. वर लाकडावर मातीचं जाडजूड छत. उन्हाळ्यात असं घर गारेगार राहायचं, म्हणून ते सगळ्यांना आवडायचं. पण हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, कारण दोघांना बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच. वरून टनावारी माती खाली आली. आश्चर्य म्हणजे गरिबांच्या हलक्या गवती झोपड्या अनेक ठिकाणी टिकल्या!

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करा. रिकाम्या काडेपेट्या एकावर एक रचून चार भिंती उभ्या करा आणि वर जाड पुस्तक ठेवा. ताट खाली असू द्या. आता ताट हलवा. धडाम! पुन्हा तशाच भिंती रचा, पण या वेळी वरच्या बाजूने चारही भिंतींना सुतळीचा घट्ट वेढा द्या. आता हलवा. घर डुलतं, पण चटकन कोसळत नाही. खऱ्या घरात हेच काम सिमेंट आणि सळईचा सलग पट्टा करतो.

हे शहाणपण लोकांनी फार मोठी किंमत देऊन मिळवलं, बरं का! भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जिथे घरं पूर्ण पडली नव्हती, अशा शेकडो गावांत लोकांनी सरकारच्या मदतीने आपापली घरं स्वतः दुरुस्त केली, मजबूत केली. गावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. पट्टा कसा घालायचा, मदतीचे पैसे कसे खर्च करायचे, हे त्या घरोघर जाऊन समजावत. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा इकडच्या काही बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. दुःख भोगलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभं राहावं, यालाही मी आठवण ठेवणंच म्हणेन.

सगळंच छान झालं, असं मात्र नाही. नव्या गावांत घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरला. ज्याला शेत कमी, त्याला घर लहान. जुने शेजार मोडले. किती तरी माणसं पुढे वर्षानुवर्षं छताखाली झोपायला घाबरत. आमच्या विद्यार्थ्याच्या आजींची खाट आजही दारालगतच असते. पाऊस असो, थंडी असो!

आमची पाहणी

मग आम्ही ठरवलं, आजींनी सांगितलं तेच करायचं. तिसरी-चौथीच्या मुलांनी आपापल्या घरी पाहणी केली. खाटेच्या डोक्यावर काय आहे? दाराच्या वाटेत काय ठेवलंय? पत्र्यावर दगड किती?

वह्या बघून मीच चाट पडले. एकीच्या उशाशी फळीवर धान्याचा डबा होता. एकाच्या पत्र्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून, नऊ दगड ठेवलेले होते. आणि हसणाऱ्या आपल्या मित्राने लिहिलं होतं, 'माझे बाबा मागं नवीन खोली बांधत आहेत. जुन्या गावातले दगड आणलेत. भिंतीला पट्टा नाही.'

म्हणजे बघा, भूकंपातून वाचलेला धाकटाच आज तशी भिंत बांधत होता! घर वाढलं, माणसं वाढली, पैसे कमी. हाताशी दगड आहेत, मग तेच लावायचे. त्यांचीही अडचण आहेच. मी त्यांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, पोरानं डोकं खाल्लंय माझं. पट्ट्याला खर्च किती येतो, बघतो." मी गवंड्याला विचारून घ्या म्हटलं. पट्टा पडला की नाही, हे मी अजून तुम्हाला सांगू शकत नाही. बांधकाम तूर्त थांबलंय. पण मुलाची खाट भिंतीपासून हलली आहे आणि धान्याचा तो डबा खाली आला आहे, एवढं नक्की.

२०२४ मध्ये हिंगोली, नांदेडकडे पुन्हा धक्के जाणवले, हे तुम्ही ऐकलं असेल. जमीन आपलं काम करत राहणार. आपण आपलं करायचं.

तुम्ही काय कराल?

१. झोपायच्या जागेवर जड वस्तू असेल, तर घरच्यांना सांगून ती खाली ठेवा.
२. दाराची वाट मोकळी ठेवा.
३. धक्का बसला तर भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरा. कपाट, खिडकी यांच्यापासून दूर राहा. घर मातीचं असेल आणि दार अगदी जवळ असेल, तर लगेच मोकळ्या जागेत या. लिफ्ट वापरू नका.
४. घरातल्या मोठ्यांना जुन्या घराबद्दल विचारा. त्यांना सांगावंसं वाटलं तर ऐका. नाही वाटलं तर नुसते जवळ बसा.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलं विचारतील तेव्हा 'जाऊ दे, झालं ते झालं' म्हणून विषय टाळू नका. त्यांना भीती घालायची गरज नाही. भिंत कशी पडली, एवढं तरी सांगाच.

येत्या ३० सप्टेंबरला आम्ही पुन्हा दोन मिनिटं उभे राहू. परवा मी त्या मुलाला विचारलं, "काय रे, आता मनात काय म्हणशील?"

तो म्हणाला, "काकाला सांगणार, आमच्या घरात कोण कोण कुठं झोपतंय ते."