प्रसूतिपूर्व स्टिरॉइड उपचार आणि गर्भवतीची रक्तशर्करा

स्टिरॉइड हा शब्द ऐकताच अनेक घरांत भीती निर्माण होते. गर्भवतीला हे इंजेक्शन दिल्यावर साखर वाढली, की ती भीती खरी वाटू लागते. उज्जैनमध्ये आपल्या वर्गात मराठी, उर्दू व हिंदी बोलणाऱ्या घरांतील विद्यार्थिनी असतात. या घरांपर्यंत योग्य माहिती पोहोचावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपचाराचे प्रयोजन : अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसे पक्व नसतात. आईला स्टिरॉइड दिल्यास ती लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीची लक्षणे दिसल्यास डेक्सामेथासोनची ६ मि.ग्रॅ.ची चार इंजेक्शने दर १२ तासांनी दिली जातात.

साखर का वाढते? : या औषधामुळे यकृत अधिक ग्लुकोज रक्तात सोडते आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. पहिल्या मात्रेनंतर साधारण १२ तासांत साखर वाढू लागते व हा परिणाम सुमारे पाच दिवस राहू शकतो. मधुमेह असलेल्या गर्भवतीला या काळात वरचेवर तपासणी व बहुधा जास्त इन्शुलिन लागते. आईची साखर वाढलेली राहिल्यास गर्भ स्वतःचे इन्शुलिन जास्त तयार करतो. जन्मानंतर आईकडून येणारी साखर थांबते आणि बाळाची साखर एकदम उतरू शकते. म्हणून बाळाचीही तपासणी आवश्यक ठरते.

आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून अधिक आढळल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानतात. ही चाचणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. इंजेक्शनानंतर लगेच केलेली चाचणी फसवी ठरू शकते. ती साधारण आठवडाभर पुढे ढकलणे योग्य.

दोन अभ्यासांचा बोध : २०११ ते २०१४ या काळात नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत, गावपातळीपर्यंत हा उपचार पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यात एकूण नवजात मृत्यू कमी न होता दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ३.५ ने वाढले. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत गर्भाचे आठवडे नीट मोजून डेक्सामेथासोन दिले गेले, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध एकच, पण निवड व देखरेख यांनी परिणाम बदलला.

समारोप : साखर वाढेल म्हणून इंजेक्शन नाकारणे योग्य नाही, ते घेऊन साखर न तपासणेही योग्य नाही. ‘मला मधुमेह आहे, माझी साखर केव्हा तपासणार?’ एवढा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य आपण विद्यार्थिनींना दिले, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.